कागदी कारभाराचा फेरा : एक ऐतिहासिक टिपण

सरकारी कचेऱ्यांतील शब्दबाहुल्याविषयीची तक्रार नवी नाही. तथापि हा दोष बहुधा लेखनशैलीचा मानला जातो आणि त्यामुळे त्याचे मूळ दृष्टीआड राहते. ब्रिटिश हिंदुस्थानच्या कारभारातील एका प्रकरणाच्या आधारे त्या मुळाचा शोध घेणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार हा मुख्यतः लेखी कारभार होता. संचालक लंडनमध्ये, अंमल हिंदुस्थानात आणि मध्ये कित्येक महिन्यांचा सागरी प्रवास; अशा स्थितीत येथील अधिकाऱ्याने काय केले व का केले, हे जाणण्यास संचालकांपाशी कागदावाचून अन्य साधन नव्हते. कंपनीच्या लंडन येथील कचेरीत दीर्घकाळ सेवा केलेले जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५२ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देताना, सर्व कारभाराची लेखी नोंद ही सुशासनाची मोठी हमी होय, असे प्रतिपादन केले. त्या काळापुरते ते यथार्थच होते.

पुढे परिस्थिती पालटली. १८५८ मध्ये कंपनीचा अंमल संपला, १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये मुंबई व लंडन समुद्री तारेने जोडली गेली. अंतर आटोपले, अंतरापोटी जन्मलेली वहिवाट मात्र आटोपली नाही. उलट, सचिवालयाच्या आतच तिचा विस्तार झाला. प्रत्येक पायरीवरील अधिकाऱ्याने पूर्वीच्या टिप्पण्यांचा सारांश द्यावा, त्यास आपले मत जोडावे आणि कागद पुढे धाडावा, अशी रीत रूढ झाली. प्रत्येकाचे मत नोंदले जाई; निर्णयाची जबाबदारी मात्र कोणा एकावर येत नसे.

या रीतीचे फळ १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या प्रत्ययास आले. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर अँड्र्यू फ्रेझर यांच्या ओडिया भाषिक प्रदेशाविषयीच्या सूचनेतून प्रांतांच्या सीमा बदलण्याची चर्चा निघाली होती. ती चर्चा तब्बल चौदा महिने खात्याखात्यांतून फिरत राहिली; परंतु सरकारच्या प्रमुखास तिची वार्ता देण्याचे कोणालाही सुचले नाही. मे १९०२ मधील टिप्पणीत कर्झन यांनी या फिरत्या कागदास पृथ्वीच्या दैनंदिन परिभ्रमणाची उपमा देऊन त्याची निर्भर्त्सना केली. उपरोधाची गोष्ट अशी की, स्वतः कर्झन यांच्या टिप्पण्याही विस्तारासाठी प्रसिद्ध होत्या.

तथापि प्रकरणाचा अधिक गंभीर भाग पुढेच आहे. व्हाइसरॉयना आपण अंधारात राहिल्याचा संताप आला. परंतु ज्यांच्या भूमीची वाटणी चालली होती, ती प्रजा या फेऱ्याच्या सर्वस्वी बाहेर होती. बंगालच्या फाळणीची योजना डिसेंबर १९०३ मध्ये लोकांपुढे आली, तेव्हा सरकारचा विचार पुष्कळ पुढे गेला होता. ऑक्टोबर १९०५ मध्ये ती अमलात आली, मोठा लोकक्षोभ उसळला आणि डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारात ती रद्द झाल्याचे घोषित करावे लागले. त्याच काळात, नोव्हेंबर १९०२ च्या कराराने निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतलेला मराठी वऱ्हाडही १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडला गेला. तेथेही प्रजेच्या संमतीचा प्रश्न सरकारने विचारात घेतला नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कागदाचे प्रमाण विपुल असूनही त्याने आपले दोन्ही मूळ हेतू गमावले होते : वरिष्ठास माहिती मिळाली नाही आणि कनिष्ठास उत्तरदायी धरता आले नाही. केवळ टिप्पण्या आखूड केल्याने हा दोष जात नाही. स्वातंत्र्योत्तर काळात ए. डी. गोरवाला यांचा १९५१ चा अहवाल आणि १९५४ मध्ये केंद्र सरकारने स्थापिलेला कार्यपद्धतीविषयक विभाग यांमुळे या प्रश्नास पुन्हा चालना मिळाली. प्रत्येक कागदासंबंधी दोन प्रश्न मात्र विचारणे अगत्याचे आहे : निर्णय कोणी द्यावयाचा, आणि ज्याच्यावर त्याचा परिणाम व्हावयाचा त्यास तो केव्हा कळणार? या प्रश्नांची उत्तरे ज्या कागदात नाहीत, तो चार ओळींचा असला तरी लांबलचकच म्हणावा लागेल.