आधी रूळ, मग घर

मेलबर्नच्या पूर्व उपनगरांमधून सायकलस्वारांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी एक लांबलचक वाट जाते. चढ-उतार बेताचे, वळणं ऐसपैस, मधूनच टेकाड कापून काढलेली खिंड. सायकलींसाठी एवढा खटाटोप कोणी करत नाही. ही वाट मुळात रेल्वेची आहे. ‘आउटर सर्कल’ नावाची ही लाइन १८९० आणि १८९१मध्ये टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. तेव्हा ती माळरानातून आणि शेतांतून जायची, त्यामुळे गाडीत बसायला माणसंच नव्हती. १८९७ संपेपर्यंत तिच्यावरची वाहतूक थांबली होती. पुढे एक छोटा तुकडा पुन्हा सुरू झाला, तो आज अ‍ॅलामीन लाइन म्हणून जिवंत आहे. बाकीच्या रुळांच्या जागी आता झाडं आहेत आणि दोन्ही बाजूंना मेलबर्नमधली महागडी घरं.

ऑस्ट्रेलियात दर पाचांतली दोन माणसं सिडनी आणि मेलबर्न या दोनच शहरांत राहतात. ही शहरं उंच वाढवायची की आडवी पसरू द्यायची, हा वाद तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. एका बाजूला मागे-पुढे अंगण असलेलं, पाव एकरातलं घर, दुसऱ्या बाजूला मध्यवर्ती भागातले टॉवर. हा जणू आवडीनिवडीचा प्रश्न आहे, असंच सगळे बोलतात. मेलबर्नचा इतिहास पाहिला तर वेगळं दिसतं. घर उंच असेल की बुटकं, यापेक्षा तिथे रूळ घराआधी पोचले की नंतर, यावर माणसांचं आयुष्य जास्त ठरत आलं आहे.

वुरुंडजेरी लोकांच्या भूमीवर १८३५मध्ये गोऱ्यांची वसाहत बसली. १८३७मध्ये रॉबर्ट हॉडलनं रस्त्यांची चौकट आखली आणि मुख्य रस्ते तब्बल तीस मीटर रुंद ठेवले. १८५१मध्ये व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि चाळीस वर्षांत मेलबर्नची वस्ती पाच लाखांच्या घरात गेली. १८८०च्या दशकात जमिनीचा बाजार पेटला. लिलावाला येणाऱ्यांना रेल्वेचं तिकीट फुकट, मांडवात जेवण आणि शॅम्पेनही फुकट. प्लॉट विकायचे तर रेल्वे हवी, म्हणून आमदार आपापल्या भागात लाइन ओढून घ्यायला बघत. त्यातले अनेक जण स्वतःच जमिनींचे सौदे करत होते. १८८१ ते १८८३ या काळात रेल्वेमंत्री असलेला थॉमस बेंट त्यांतलं ठळक नाव. १८८४मध्ये रेल्वे बांधणीचा जो कायदा झाला, त्यात इतक्या लाइनी मंजूर झाल्या की लोकांनी त्याचं नाव ‘ऑक्टोपस कायदा’ ठेवलं. पुढच्याच वर्षी रस्त्यांवरून केबल ट्रामही धावू लागल्या.

मग फुगा फुटला. १८९३च्या वसंतापूर्वीच एकामागून एक बँकांनी दारं लावून घेतली आणि हजारो लोकांची आयुष्यभराची पुंजी गेली. नियोजन म्हणून पाहिलं तर हा सगळा भ्रष्ट आणि उधळपट्टीचा कारभार होता. पण बाजार कोसळला तरी बहुतेक रूळ जागेवर राहिले. पुढची कित्येक दशकं शहर त्याच सांगाड्यात भरत गेलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. डेटाबेसची मूळ रचना एकदा बसली की वरचा कोड शंभरदा बदलला जातो, खालच्या रचनेला हात लावायला मात्र कोणी धजावत नाही. मग ती कोणी, कुठल्या हेतूनं केली होती, हे विचारण्यात अर्थ राहत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. नोव्हेंबर १९४८मध्ये मेलबर्नच्या फिशरमन्स बेंड भागातल्या कारखान्यात पंतप्रधान बेन चिफ्ली यांच्या हस्ते पहिल्या होल्डन गाडीचं अनावरण झालं. १९४७मध्ये देशातली जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती. १९६६पर्यंत हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या पुढे गेलं. दारात मोटार आली आणि घर स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर असण्याची गरज संपली. या पसरणीची टिंगल करणं सोपं आहे, आणि ती पुष्कळ झाली. ह्यू स्ट्रेटन या इतिहासकारानं मात्र १९७०मध्ये ‘आयडियाज फॉर ऑस्ट्रेलियन सिटीज’ या पुस्तकात उपनगरांची बाजू मांडली. सामान्य कामगाराच्या पोरांना खेळायला स्वतःचं अंगण मिळणं ही समतेचीच गोष्ट आहे, असा त्याचा रोख होता. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

पण अंगण मिळालं आणि रूळ मागे राहिले. सिडनीनं १९६१मध्ये शेवटची ट्राम बंद केली. मेलबर्नमध्ये ट्राम मंडळाचे अध्यक्ष रॉबर्ट रिसन हटून बसले आणि हॉडलचे रुंद रस्तेही कामी आले, म्हणून तिथल्या ट्राम वाचल्या. नव्या उपनगरांना मात्र फ्रीवे मिळाले. डॉन्कास्टरला रेल्वे नेण्याची चर्चा एकोणिसाव्या शतकापासूनची. १९७७मध्ये ईस्टर्न फ्रीवे खुला झाला तेव्हा या रेल्वेसाठी मधोमध रुंद पट्टा मोकळा ठेवला होता. तिथे रेल्वे आजही आलेली नाही.

याच काळात मध्यवर्ती भागात दाट वस्तीची बदनामी झाली. कार्लटन, फिट्झरॉय, रिचमंड इथली जुनी, भिंतीला भिंत लागून असलेली घरं ‘झोपडपट्टी’ ठरवून पाडली गेली आणि सरकारी गृहनिर्माण मंडळानं तिथे काँक्रीटचे उंच टॉवर उभे केले. दाटी म्हणजे गरिबी, हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं. पाडापाडीतून वाचलेली घरं पुढे मध्यमवर्गानं घेतली, डागडुजी केली आणि वारसा म्हणून जपली. दोन-तीन मजली, ट्रामच्या वाटेवरची ही वस्ती आज ‘आदर्श दाटी’ म्हणून दाखवली जाते. ती बरीचशी १८८०च्या सट्टेबाजांच्या काळातली आहे.

१९९२मध्ये महापालिका आणि राज्य सरकारनं ‘पोस्टकोड ३०००’ ही योजना आणली. रिकामी पडलेली ऑफिसं आणि गोदामं राहत्या घरांत बदलायची आणि संध्याकाळी ओस पडणाऱ्या मध्यवर्ती भागात माणसं आणायची, अशी ती योजना होती. ती फळाला आली, कारण स्टेशनं आणि ट्राम तिथे आधीपासूनच होत्या. २००२मध्ये शहराच्या वाढीला कायद्यानं सीमारेषा आखली गेली. पण ही रेषा २००५मध्ये सरकली, २०१०मध्ये पुन्हा सरकली आणि २०१२मध्येही. २०१०च्या एका फेरीत चाळीस हजार हेक्टरांहून जास्त जमीन आत घेतली गेली. रेषा सरकते हे एकदा कळलं की तिच्या पलीकडची जमीन घेऊन वाट बघत बसणं हाच धंदा होतो.

उंच वाढ तरी शहाणपणानं झाली का? २०१२मध्ये, जिथे पहिली होल्डन लोकांपुढे आली त्या फिशरमन्स बेंडमधल्या सुमारे अडीचशे हेक्टर औद्योगिक जमिनीचा वापर एका निर्णयानं बदलून तिथे टॉवर बांधायला मुभा दिली गेली. शाळा, बागा, रेल्वे यांची तजवीज नव्हती. जमिनीचे भाव चढले, आणि मग बागेसाठी जागा हवी तर ती सरकारनं त्याच चढ्या भावानं घ्यायची, अशी गत झाली.

शहराच्या पश्चिमेला टार्नीट आहे. तिथल्या रस्त्यांवर पंजाबी, तेलुगू, गुजराती ऐकू येते, मराठीही. आपल्यातले कितीतरी जण तिथलं नवं घर घेतात, कारण आवाक्यात तेवढंच असतं. तिथे स्टेशन २०१५मध्ये आलं, तेही जिलॉंगकडे जाणाऱ्या डिझेल गाड्यांच्या मार्गावर. लांब पल्ल्याच्या प्रवाशांसाठीच्या या गाड्यांत रोज सकाळी उपनगरातली गर्दी कोंबली जाते. सर्वांत उशिरा आलेल्यांच्या वाट्याला सर्वांत उशिरा येणारी गाडी, हा मेलबर्नचा हिशेब दीड शतकात फारसा बदललेला नाही.

ऑक्टोबर २०२४मध्ये राज्याच्या प्रीमियर जॅसिंटा अ‍ॅलन यांनी आणखी पन्नास स्टेशनांच्या आणि ट्रामच्या परिसरांत उंच, दाट घरांना परवानगी देण्याची घोषणा केली. घोषणेसाठी त्या ब्रायटन या समुद्रकाठच्या श्रीमंत उपनगरात गेल्या, तेव्हा बाहेर रहिवासी निषेध करत होते. आपल्या गल्लीचं रूप बदलू नये असं वाटण्यात गैर काही नाही. पण त्यांच्या दाराशी असलेलं स्टेशन त्यांनी बांधलेलं नाही. ते सगळ्या वसाहतीच्या पैशावर उभं राहिलेल्या जाळ्याचा भाग आहे. ते त्यांच्यापुरतंच राहिलं, तर टार्नीटच्या पलीकडे आणखी एक टार्नीट बांधावं लागेल.

याच ब्रायटनमध्ये चौकात एक पुतळा उभा आहे. तो थॉमस बेंटचा आहे. ब्रायटन हा त्याचा मतदारसंघ होता.