प्रेक्षकाचा प्रतिसाद : वेबकॅमवरील प्रत्यक्ष प्रक्षेपणातील संवादाचा इतिहास

१

कीर्तनात बुवांनी नामघोष मागावा आणि श्रोत्यांनी तो द्यावा, किंवा तमाशाच्या फडात सोंगाड्याच्या कोटीला समोरून तत्काळ दाद यावी, हा मराठी श्रोत्याच्या पूर्ण परिचयाचा व्यवहार आहे. सादर करणारा आणि पाहणारा एकाच स्थळी, एकाच क्षणी उपस्थित असल्यामुळे तो शक्य होतो. चित्रपट, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी या विसाव्या शतकातील माध्यमांनी प्रेक्षकवर्गाचा अपूर्व विस्तार केला, तथापि त्याच वेळी प्रेक्षकाला निरुत्तर केले. या स्थितीचे पहिले मार्मिक विश्लेषण डोनाल्ड हॉर्टन व आर. रिचर्ड वोल या अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ साली 'सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकातील निबंधात केले. दूरचित्रवाणीवरील निवेदक समोरासमोर बसल्याप्रमाणे प्रेक्षकाशी बोलतो व प्रेक्षकाच्या मनात स्नेहाची भावना निर्माण करतो. परंतु हा स्नेह एकतर्फी असतो, त्याचे नियंत्रण निवेदकाकडे असते आणि परस्परांच्या सहवासाने तो वाढू शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

वेबकॅमवरील प्रत्यक्ष प्रक्षेपणाचा इतिहास हा या एकतर्फीपणाला पडलेल्या खिंडाराचा इतिहास होय. येथे प्रेक्षकाला लिहिता येते, आणि लिहिलेले वाचून प्रक्षेपक त्याला उत्तर देऊ शकतो. प्रेक्षक कशामुळे खिळून राहतो, या प्रश्नाचे उत्तर चित्राच्या आकर्षकतेत शोधण्याचा मोह होतो. परंतु गेल्या तीन दशकांचा वृत्तान्त पाहता असे दिसते की, प्रेक्षकाला धरून ठेवणारी मुख्य शक्ती म्हणजे आपल्याला उत्तर मिळेल ही शक्यता. मात्र उत्तर देणारा मनुष्य एकच आणि विचारणारे अनेक, हा पेच पहिल्यापासून या माध्यमात आहे. त्याच्या निरसनासाठी वेळोवेळी कोणते उपाय योजले गेले आणि त्यांची किंमत कोणी दिली, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

या माध्यमाचा आरंभ एका कॉफीच्या भांड्यापासून झाला. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत 'ट्रोजन रूम' नावाच्या खोलीबाहेर कॉफीयंत्र ठेवलेले असे. दूरच्या खोल्यांतील संशोधकांना तेथवर जाऊन भांडे रिकामे आढळू नये, म्हणून १९९१ साली त्यावर एक कॅमेरा रोखण्यात आला. क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर व पॉल जार्डेट्स्की यांनी त्यासाठी संगणकीय आज्ञावली लिहिली. चित्र १२८ बाय १२८ बिंदूंचे व करड्या छटांचे असून मिनिटातून सुमारे तीन वेळा बदलत असे. नोव्हेंबर १९९३ मध्ये ते जागतिक महाजालाशी जोडले गेले आणि जगभरातील लोक ते भांडे पाहू लागले. २२ ऑगस्ट २००१ रोजी हा कॅमेरा बंद झाला. येथे पाहणे होते, बोलणे नव्हते.

बोलण्याची परंपरा वेगळ्या ठिकाणी वाढत होती. फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने ऑगस्ट १९८८ मध्ये 'इंटरनेट रिले चॅट' ही व्यवस्था निर्माण केली. तिच्यामुळे परस्परांना अपरिचित असलेल्या माणसांना एका सामाईक 'खोलीत' लेखी गप्पा मारता येऊ लागल्या. चित्र आणि गप्पा या दोन परंपरांचा संगम पुढे झाला. ट्विच या व्यासपीठाची गप्पांची व्यवस्था ओइकारिनेनच्याच पद्धतीच्या पायावर उभारलेली आहे, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय होय.

मनुष्याचे दैनंदिन जीवन कॅमेऱ्यासमोर आणण्याचा सर्वांत गाजलेला आद्य प्रयोग जेनिफर रिंग्ले हिचा. पेनसिल्व्हेनियातील डिकिन्सन महाविद्यालयात शिकत असता, एप्रिल १९९६ मध्ये तिने आपल्या खोलीतील कॅमेऱ्याची चित्रे महाजालावर देण्यास आरंभ केला. काही मिनिटांच्या अंतराने एक स्थिरचित्र, आवाज नाही, असे त्याचे स्वरूप होते. 'जेनिकॅम' या नावाने प्रसिद्ध पावलेला हा प्रयोग ३१ डिसेंबर २००३ रोजी संपला. बहुतेक चित्रांत रिकामी खोली किंवा झोपलेली व्यक्ती याखेरीज काही नसे. तरीही लोक पाहत राहिले आणि तिला पत्रे लिहीत राहिले. अशा प्रक्षेपणांचा अभ्यास करणाऱ्या थेरेसा सेन्फ्ट यांनी आपल्या २००८ सालच्या ग्रंथात 'सूक्ष्म-प्रसिद्धी' ही संकल्पना मांडली. चित्रपटतारका चाहत्यांपासून अंतर राखून मोठी होते. वेबकॅमवरील व्यक्तीची प्रसिद्धी मात्र चाहत्यांशी जोडलेले राहण्यावर अवलंबून असते, हा या संकल्पनेचा गाभा आहे. तारकेने पत्राला उत्तर दिले तर तो तिचा मोठेपणा. वेबकॅमवरील व्यक्तीचे ते कर्तव्यच ठरते.

३

१९ मार्च २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जस्टिन कान या तरुणाने टोपीवर कॅमेरा बसवून आपल्या आयुष्याचे अहोरात्र प्रक्षेपण सुरू केले. 'जस्टिन टीव्ही' या नावाच्या या उपक्रमात चालते चित्र आणि शेजारी गप्पांची चौकट अशी रचना होती. चित्रात काही घडत नसतानाही प्रेक्षकांचे आपापसात बोलणे चालू राहू शकत असे. याच प्रेक्षकांपैकी काहींनी पोलिसांना खोट्या वर्दी देऊन त्यांना कानच्या घरी धाडले. प्रतिसादाचा अधिकार मिळालेला प्रेक्षक केवळ दाद देऊन थांबत नाही, तो घटना घडवून आणू पाहतो, हे येथे प्रथमच ठळकपणे दिसून आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात हे व्यासपीठ सर्वांना खुले झाले. खेळांच्या प्रक्षेपणासाठी जून २०११ मध्ये त्यातून 'ट्विच' ही शाखा निघाली. ऑगस्ट २०१४ मध्ये ॲमेझॉनने ती सुमारे ९७ कोटी डॉलरांस विकत घेतली.

या टप्प्यावर तंत्राचा एक प्रश्न संवादाच्या आड आला. ॲपल कंपनीने २००९ साली पुढे आणलेल्या पद्धतीत चित्रप्रवाहाचे लहान तुकडे करून ते एकामागून एक पाठविले जात. आरंभी एकेक तुकडा दहा सेकंदांचा असे, आणि चित्र अडखळू नये म्हणून पाहणाऱ्याच्या यंत्रात असे काही तुकडे आधी साठवावे लागत. परिणामी प्रक्षेपकाची कृती व तिचे दर्शन यांत अर्ध्या मिनिटापर्यंत अंतर पडे. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला असा विलंब जाणवलाही नसता. संभाषणाला मात्र तो मारक ठरतो, कारण प्रश्नाचे उत्तर येईतो विषय बदललेला असतो. पुढील काळात हा विलंब काही सेकंदांवर आणण्यासाठी जे परिश्रम झाले, त्यांमागील एक प्रमुख प्रेरणा संभाषण ही होती.

४

पूर्व आशियात याच पेचाची वेगळी उत्तरे शोधली गेली. जपानमधील 'निकोनिको' या व्यासपीठाने डिसेंबर २००६ पासून प्रेक्षकांचे अभिप्राय चित्राच्या शेजारी न ठेवता चित्रावरूनच सरकत नेले. प्रत्येक अभिप्राय चित्रफितीतील विशिष्ट क्षणाशी बांधलेला असल्याने, वेगवेगळ्या दिवशी पाहणाऱ्यांनाही आपण एकत्र बसून पाहत आहोत असा भास होई. हामानो सातोशी या जपानी अभ्यासकाने या भासाला 'आभासी समकालीनता' अशा अर्थाचे नाव दिले. येथे प्रक्षेपकाच्या उत्तराची उणीव सहप्रेक्षकांच्या सोबतीने भरून निघाली. चीनमध्ये २००९ साली निघालेल्या 'बिलिबिली'ने हीच पद्धत उचलली.

कोरियात 'आफ्रिकाटीव्ही' हे व्यासपीठ २००६ साली सुरू झाले. खंडाशी या नावाचा संबंध नसून, 'कोणालाही मुक्त प्रक्षेपण' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या अक्षरांतून ते बनविलेले होते. २०२४ साली ते बदलून 'सूप' असे करण्यात आले. अमेरिकन गोमांसाच्या आयातीविरुद्ध २००८ साली सोल येथे झालेल्या मेणबत्ती-निदर्शनांचे प्रक्षेपण यावरून मोठ्या प्रमाणात झाले. पुढे याच व्यासपीठावर 'मुकबांग' हा प्रकार रुजला. प्रक्षेपक कॅमेऱ्यासमोर भरपेट जेवतो, जेवताना प्रेक्षकांचे लेखन वाचतो, त्यांना उत्तरे देतो. एकट्याने राहणाऱ्यांच्या वाढत्या संख्येशी अभ्यासक या प्रकाराचा संबंध जोडतात. पंक्तीला बसणे हा ज्या समाजात जेवणाचाच भाग आहे, तेथे एकट्याने जेवणाऱ्याला पडद्यावरील सोबत का हवीशी वाटावी, हे समजणे कठीण नाही.

५

संवादाला संख्येची मर्यादा आहे. विल्यम हॅमिल्टन व त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली ट्विचवरील लहान व मोठ्या प्रक्षेपणांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. लहान प्रक्षेपणे ही घर व कामाची जागा यांखेरीजच्या 'तिसऱ्या स्थाना'सारखी असतात, असे त्यांना आढळले. नेहमीचे लोक परस्परांना नावाने ओळखतात, नवागताचे स्वागत होते, आणि प्रक्षेपक यजमानाप्रमाणे वागतो. प्रेक्षकसंख्या हजाराच्या पलीकडे गेली म्हणजे मात्र गप्पांची चौकट धबधब्यासारखी वाहू लागते व वाचणे अशक्य होते. यावर कलकलाट एवढाच शेरा मारणे योग्य होणार नाही. पुढील संशोधनात असे दिसून आले की, मोठा समुदाय स्वतःची भाषा घडवितो. एकच लघुचित्र किंवा एकच वाक्य हजारो लोक एकदम लिहितात, आणि व्यक्तीच्या बोलण्याची जागा समुदायाचा घोष घेतो.

या घोषाचे सर्वांत विलक्षण उदाहरण १२ फेब्रुवारी ते १ मार्च २०१४ या काळात घडले. 'पोकेमॉन रेड' हा एकाच खेळाडूने खेळावयाचा जुना खेळ एका अनामिक आज्ञावलीकाराने ट्विचवर अशा रीतीने मांडला की, प्रेक्षकांनी चौकटीत लिहिलेला शब्द हीच खेळातील आज्ञा ठरावी. अकरा लाखांहून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला; एका वेळी उपस्थितांची संख्या एक लाख वीस हजारांच्या आसपास पोचली. परस्परविरोधी आज्ञांमुळे पात्र एकाच जागी तासन्‌तास घुटमळे. तेव्हा बहुमताने आज्ञा ठरविणारी 'लोकशाही' आणि प्रत्येकाची आज्ञा तत्काळ पाळणारी 'अराजक' अशा दोन पद्धती आल्या व त्यांवर प्रेक्षकांत पक्ष पडले. एका निरुपयोगी जीवाश्माला दैवत मानणारी पुराणकथाही याच गर्दीने रचली. येथे उत्तर देणारा यजमानच नव्हता. असे असूनही सोळा दिवस लोक टिकून राहिले, कारण लिहिलेल्या शब्दाचा परिणाम पडद्यावर होताना दिसत होता.

६

जेथे यजमान आहे, तेथे त्याचे अवधान ही दुर्मिळ वस्तू ठरते. आणि दुर्मिळ वस्तूला मोल येते. आफ्रिकाटीव्हीने २००७ सालीच 'तारा-फुगे' नावाची विकत घेऊन भेट द्यावयाची चिन्हे आणली. ट्विचने २०१६ साली 'बिट्स' व यूट्यूबने २०१७ साली 'सुपर चॅट' ही पद्धत सुरू केली. सुपर चॅटमध्ये पैसे भरणाऱ्याचा मजकूर रंगीत होऊन वर अडकून राहतो, आणि जितकी रक्कम मोठी तितका अधिक वेळ, कमाल पाच तासांपर्यंत, तो दिसतो. गर्दीत हरवलेला आवाज अशा रीतीने विकत घेता येऊ लागला. प्रक्षेपकानेही देणाऱ्याचे नाव उच्चारून आभार मानावयाचे, ही रूढी पडली. हॉर्टन व वोल यांनी वर्णिलेला एकतर्फी स्नेह येथे दुतर्फी झाला खरा, परंतु त्याच्या दुसऱ्या बाजूला किंमतीची चिठ्ठी लागली.

हा भार दोन्हीकडे पडतो. मार्च २०२१ मध्ये लुडविग आग्रेन या अमेरिकन प्रक्षेपकाने, प्रत्येक नव्या वर्गणीसरशी प्रक्षेपणाची मुदत काही सेकंदांनी वाढेल, अशी घोषणा केली. प्रेक्षक वर्गणी देत राहिले आणि प्रक्षेपण ३१ दिवस अखंड चालले. त्याची झोपही प्रेक्षक पाहत होते. जेनिकॅममध्ये कॅमेरा कधी बंद करावयाचा, हे रिंग्लेच्या हाती होते. येथे तो निर्णय काही काळापुरता का होईना, वर्गणीदारांच्या हाती गेला. उलट बाजूला, चीनमध्ये भेटी देणाऱ्यांच्या क्रमवारीतून चढाओढ माजली व अल्पवयीन मुलेही तीत ओढली गेली. तेव्हा मे २०२२ मध्ये शासनाने मुलांच्या भेटींस बंदी घातली आणि भेटींच्या रकमांवर आधारलेल्या क्रमवारी एका महिन्यात काढून टाकण्याचा आदेश दिला.

७

सारांश, गप्पांची चौकट, चित्रावरून सरकणारे अभिप्राय, सामूहिक आज्ञा आणि सशुल्क मजकूर या चारही युक्ती एका व्यक्तीचे मर्यादित अवधान अनेकांत कसे वाटावे, या एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत. यांपैकी खरे संभाषण ज्याला म्हणावे, ते बहुधा लहान प्रक्षेपणांतच टिकलेले दिसते, आणि अशी प्रक्षेपणेच इतिहासाच्या नोंदीतून सर्वांत आधी निसटतात.

संशोधनाच्या विद्यार्थ्याने ही अडचण विशेषत्वाने ध्यानात घ्यावयास हवी. जस्टिन टीव्हीने २०१४ साली आपल्याकडील साठविलेल्या चित्रफिती नष्ट केल्या, आणि त्याच वर्षी ते बंदही झाले. ट्विचवरही सामान्य प्रक्षेपकांची जुनी प्रक्षेपणे ठरावीक दिवसांनंतर पुसली जातात. जेथे चित्रफीत उरली आहे, तेथेही शेजारच्या गप्पा पुष्कळदा उरलेल्या नाहीत. परिणामी निवेदक कोणाला व कशाचे उत्तर देत आहे, हेच कळेनासे होते. बखरीतून दरबाराचे वर्णन हाती यावे आणि अर्जदारांचे कागद मात्र नष्ट व्हावेत, तशी ही स्थिती आहे. या माध्यमाचे मर्म प्रेक्षकाच्या लेखनात असल्यामुळे, चित्राइतक्याच काळजीने त्या लेखनाचे जतन होणे अगत्याचे आहे. तसे न झाल्यास पुढील इतिहासकाराला पुन्हा निरुत्तर प्रेक्षकाचाच इतिहास लिहावा लागेल.