झिजेचं गणित

चांदीचं आहत नाणं पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते नाणं वाटतच नाही. ना धड गोल, ना धड चौकोनी. चांदीचा पत्रा ठोकायचा, त्याचे तुकडे पाडायचे, तुकडा वजनाला जास्त भरला तर एखादा कोपरा छाटायचा आणि मग एकेक करून छाप ठोकायचे, अशी त्याची घडण. दर्शनी बाजूला बहुधा पाच चिन्हं असतात. सूर्य, सहा आऱ्यांचं चक्र, हत्ती, डोंगर, झाड, अशी एकमेकांवर चढलेली, कडेला अर्धवट कापली गेलेली. पाठीमागे बारीक ठसे, कुठे एक, कुठे चार, तर कुठे एकही नाही. राजाचं नाव नाही, साल नाही, एक अक्षरसुद्धा नाही. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने ३२ गुंजा.

इसवी सनापूर्वीच्या काही शतकांत तक्षशिलेपासून मगधापर्यंत आणि खाली दक्षिणेतही हे चलन फिरत होतं. एकोणिसाव्या शतकापासून विद्वानांनी त्यावरच्या चिन्हांचे अर्थ लावले. कुणाला त्यात देवता दिसल्या, कुणाला नगरं, कुणाला व्यापाऱ्यांच्या श्रेणी. पण कोणतं नाणं आधीचं आणि कोणतं नंतरचं, हे चिन्हं पाहून ठामपणे सांगता येईना. ते सांगण्याची एक रीत निघाली ती चिन्हांतून नव्हे, वजनातून. तिच्या वंशात एक ब्रिटिश टांकसाळ-कामगार आहे आणि पुण्यातला एक गणिताचा प्राध्यापकही.

नाणं झिजतं, हे व्यापाऱ्याला गणितज्ञाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नाणी पारखणारा ‘रूपदर्शक’ नावाचा अधिकारी आहे. मराठेशाहीत ते काम पोतदाराचं. सराफ झिजलेल्या रुपयावर बट्टा कापून घेई आणि त्याची बोटं त्यात इतकी मुरलेली असत की तराजू काढण्याआधीच त्याला अंदाज येई. पण सराफाचं लक्ष समोरच्या एका नाण्यावर. घ्यायचं की नाही, आणि घेतलं तर किती कापायचं, एवढाच त्याचा सवाल. हजार नाण्यांची झीज एकत्र मांडली तर काय दिसेल, हा प्रश्न त्याच्या धंद्यात उद्भवतच नव्हता.

तो प्रश्न विचारला विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने. लंडनमधलं शिक्षण अर्ध्यावर सोडून हा तरुण १८५४ मध्ये सिडनीच्या नव्या टांकसाळीत सोन्याचा कस काढण्याच्या नोकरीवर गेला. १८५९ मध्ये परतला आणि पुढे मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात प्राध्यापक झाला. अर्थशास्त्राच्या इतिहासात त्याचं नाव मोठं आहे, आणि तर्काची अनुमानं काढणारं पियानोसारखं दिसणारं यंत्रही त्याने बनवलं होतं. १८६८ मध्ये त्याने इंग्लंडच्या चलनाची तपासणी केली. देशभरच्या बँकवाल्यांना कळवून त्यांच्या गल्ल्यातल्या सोन्याच्या नाण्यांवरची सालं टिपून घेतली. अशा लाखाहून अधिक नाण्यांची नोंद जमली. शिवाय वेगवेगळ्या सालांची नाणी त्याने तोलली. कोऱ्या सॉव्हरिनचं वजन सुमारे १२३.२७ ग्रेन असे आणि ते १२२.५ च्या खाली गेलं की कायद्याने ते नाणं बाद. जेव्हन्सच्या हिशेबाने सॉव्हरिन वर्षाला ०.०४३ ग्रेन झिजत होतं, म्हणजे साधारण अठरा वर्षांत त्याचं कायदेशीर आयुष्य संपत होतं.

जेव्हन्सजवळ साल होतं, त्याला झीज काढायची होती. आहत नाण्यांवर सालच नाही. तिथे झिजेवरून वय काढायला हवं, म्हणजे गणित उलट्या दिशेने चालवायला हवं.

ते उलटं गणित पुण्यात झालं. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ मध्ये गोव्यात जन्मले. वडील बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी. मुलाचं शिक्षण अमेरिकेत झालं, १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी मिळाली. बनारस आणि अलीगढ इथे शिकवून ते फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १९४५ पर्यंत तिथे गणित शिकवत राहिले. त्यांचा मूळ विषय भूमितीच्या अंगाचा, अमूर्त. संख्याशास्त्र त्यांनी आपलं आपण शिकून घेतलं, आणि शिकण्यासाठी खरा, खडबडीत प्रश्न हातात घेतला. तो नाण्यांचा.

निमित्त होतं तक्षशिलेचं. तिथल्या भीर टेकाडात १९२४ मध्ये एक साठा सापडला होता. त्यात हजारावर आहत नाणी होती, आणि त्यांच्याबरोबर अलेक्झांडरची दोन आणि त्याच्यामागून गादीवर आलेल्या फिलिप अऱ्हिडियसचं एक, अशी तीन ग्रीक नाणी. ती ग्रीक नाणी टांकसाळीतून नुकती निघाल्यासारखी कोरी होती, म्हणून साठा इसवी सनापूर्वी ३१७ च्या आसपास पुरला गेला असं धरता येतं. दुसरा साठा १९१२ मधला. त्यात बॅक्ट्रियाचा ग्रीक राजा डायोडोटस याचं सोन्याचं नाणं होतं, म्हणजे तो अर्धंअधिक शतक नंतरचा. या दोन्ही साठ्यांची तपशीलवार यादी वॉल्श यांनी केली आणि ती पुरातत्त्व खात्याने १९३९ मध्ये छापली. इतिहासकारांनी त्यातली चिन्हं पाहिली, कोसंबींनी वजनांचे रकाने.

पाठीमागचे ठसे किती, यावरून त्यांनी नाण्यांचे गट पाडले. एकही ठसा नसलेली, एक असलेली, दोन, तीन, असे. मग प्रत्येक गटाचं सरासरी वजन काढलं. ठसे वाढत गेले तसतशी सरासरी घटत गेली, आणि तीही जवळजवळ सरळ रेषेत. मागचे ठसे म्हणजे नाणं चलनात असताना ठरावीक काळाने झालेल्या पारखीच्या खुणा, असा अर्थ त्यांनी त्यातून लावला. ठसे जितके जास्त, तितकं नाणं जास्त वर्षं हातोहात फिरलेलं. १९४० मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. सबंध लेख तीन पानांच्या आसपास.

या रीतीची खरी खुबी सरासरीच्या पुढे आहे. प्रत्येक व्यवहारात नाण्याचा अगदी सूक्ष्म अंश जातो. देवळाची पायरी कुणा एका भाविकाच्या पायाने झिजत नाही, तसंच हे. टांकसाळीतून एकत्र निघालेली नाणी वजनाला जवळजवळ सारखी असतात. मग त्यांचे रस्ते फुटतात. एक बाजारात दिवसाला दहा हात बदलतं, दुसरं कुणाच्या गाठीला वर्षभर पडून राहतं. काळ जाईल तशी गटाची सरासरी उतरते, आणि त्याच वेळी गटातल्या नाण्यांमधली तफावतही वाढते. या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या की त्या गटाने चलनात काढलेला काळ दिसू लागतो. एकट्या नाण्याचं वजन काहीच सांगत नाही. ते झिजून हलकं झालं, की मुळातच कमी भरलं होतं, हे कळायला मार्ग नसतो. साक्ष देतो तो समूह.

नुसत्या तर्कावर हे सोडून द्यायला कोसंबी तयार नव्हते. चालू चलनातल्या नाण्यांवर साल छापलेलं असतं, तेव्हा तिथे नियम पडताळता येतो. ती नाणी जमवून त्यांनी तोलली. वापराचा चलनाच्या वजनावर काय परिणाम होतो, यावरचा त्यांचा स्वतंत्र लेख १९४२ मध्ये आला. त्या काळचा प्रयोगशाळेतला तराजू काचेच्या पेटीत असे. नाणं चिमट्याने ठेवायचं, वजनं चिमट्याने चढवायची, वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून दार लावायचं, काटा डोलायचा थांबेपर्यंत वाट पाहायची, आकडा लिहायचा, पुढचं नाणं घ्यायचं. असं शेकडो वेळा, हजारो वेळा. मग बेरजा, वर्ग, वर्गमुळं. अमूर्त भूमितीत नाव मिळवलेल्या माणसाने ही हमाली आनंदाने केली, याचं मला अतिशय मोल वाटतं. आज विद्यापीठांतून विदाविज्ञानाची केंद्रं उघडतात, संगणकतज्ज्ञ इतिहासकाराला किंवा जीवशास्त्रज्ञाला म्हणतो, तुमची माहिती पाठवा, आम्ही विश्लेषण करून देऊ. तशाने आलेख निघतात. पण कोपरा छाटलेला का, मागचा ठसा पुढच्या ठशांहून लहान का, हे प्रश्न नाणं हातात घेतलेल्या माणसालाच पडतात, आणि खरं काम त्या प्रश्नांतून निघतं.

मग साठ्यांमागून साठे त्यांनी तपासले. दक्षिणेतला बोदिनायकनूरचा, उत्तर प्रदेशातला पैला इथला, आणि आपल्या पूर्व खानदेशातला, म्हणजे आजच्या जळगावकडचा. तक्षशिलेच्या दोन साठ्यांच्या तुलनेतून एक मोठी गोष्ट पुढे आली. नंतरच्या, मौर्यकाळातल्या नाण्यांचं ठरलेलं वजन तेच राहिलं, पण प्रत्यक्षातली तफावत वाढली आणि चांदीत तांबंही जास्त पडू लागलं. नाणी घाईने आणि मोठ्या प्रमाणावर पाडली जात होती, तिजोरीवर ताण होता, असा निष्कर्ष कोसंबींनी काढला. मौर्य साम्राज्याच्या आर्थिक स्थितीबद्दल ग्रंथांत किंवा शिलालेखांत उघडपणे न सापडणारी गोष्ट वजनातल्या तफावतीने सांगितली.

त्यांचं सगळंच टिकलं असं नाही. अमुक चिन्ह अमुक राजाचं, अशी जी जुळणी त्यांनी केली, तिच्यावर पुढच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतले. मागचे ठसे ठरावीक काळानेच मारले जात, हेही सर्वांना मान्य नाही. जमिनीत पडून राहिलेल्या चांदीचं वजन क्षारांमुळेही बदलतं, त्याचाही विचार करावा लागतो. पण साठा हा एक नमुना आहे, त्यातलं प्रत्येक नाणं तोललं पाहिजे आणि गट म्हणून वाचलं पाहिजे, ही शिस्त राहिली. माझ्या मते निष्कर्षांपेक्षा ती मोठी.

याच वर्षांत फर्ग्युसनमध्ये बसून त्यांनी आणखी दोन कामं केली. १९४३ च्या एका लेखात त्यांनी बदलत्या, डुगडुगत्या राशीला मोजक्या मूळ घटकांत मोडण्याची पद्धत मांडली. तीच पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे शोधली, आणि आज प्रतिमांच्या संक्षेपापासून प्रक्षुब्ध प्रवाहांच्या अभ्यासापर्यंत वापरली जाते. दुसरं काम जनुकशास्त्रातलं, १९४४ चं. दोन जनुकं वेगळी होण्याचं प्रमाण पाहून गुणसूत्रावरचं त्यांचं अंतर कसं काढायचं, याचं ते सूत्र. एका ठिकाणी गुणसूत्राची अदलाबदल झाली की जवळपास दुसरी होण्याची शक्यता घटते, ही गोष्ट त्यात धरलेली आहे. हे प्रमाण ३० टक्के असेल तर हाल्डेनच्या आधीच्या सूत्राने अंतर ४५.८ सेंटिमॉर्गन येतं, कोसंबींच्या सूत्राने ३४.७. पिकांचे जनुकीय नकाशे करणाऱ्या संगणक-प्रणालींत ‘कोसंबी’ हा पर्याय आजही असतो. तो निवडणाऱ्या कितीतरी संशोधकांना हे कोसंबी आणि इतिहास लिहिणारे कोसंबी एकच, याचा पत्ता नसतो.

नाण्यांच्या बाजूनेही वंश वाढला. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. परमेश्वरीलाल गुप्त आणि टेरी हार्डेकर यांनी मगध-मौर्य आहत नाण्यांची जी वर्गवारी केली, ती १९८५ मध्ये तिथूनच प्रसिद्ध झाली, आणि जगभरचे संग्राहक आजही तिचे क्रमांक वापरतात. नाणी पाडण्याचे किती छाप हरवले असतील, याचा अंदाज बांधायला नाणकशास्त्रज्ञ आता संख्याशास्त्रज्ञ गुड यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेलं सूत्र वापरतात. त्यामागची कल्पना ट्युरिंगची, महायुद्धातल्या गुप्तलिपी उकलण्याच्या कामातली. जंगलात अजून न दिसलेल्या प्रजाती किती, याचा अंदाजही त्याच कल्पनेवर बांधतात.

या सगळ्या गणिताला एकच अट आहे. साठा अखंड हवा. नांगराखाली, पायाच्या खोदकामात, विहिरीच्या गाळात आजही नाण्यांची मडकी निघतात. चांगली दिसणारी चार सराफाकडे जातात, चार पाहुण्यांना दिली जातात, उरलेली चिंचेने घासून चकचकीत होतात. त्या क्षणी सरासरीही गेली आणि तफावतही गेली. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गाडलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. तुमच्या शेतात, तुमच्या गावात असं मडकं निघालं तर ते घासू नका, वाटू नका, त्यातलं एकही नाणं बाजूला काढू नका. आहे तसं दाखवा, आणि प्रत्येक नाण्याचं वजन लिहून घेतलं जाईल असा आग्रह धरा.