काकांची गाडी आणि ओलं फडकं

गेल्या मे महिन्यात काकांची जुनी गाडी खंडाळ्याच्या घाटात बंद पडली. मागे ट्रकची रांग, भोंगे सुरू. काकांनी शांतपणे बॉनेट उघडलं, पेट्रोल पंपावर (रस्त्यावरचा नाही हो, इंजिनावरचा!) ओलं फडकं टाकलं आणि म्हणाले, "दहा मिनिटं थांब." गाडी सुरू झाली खरी, पण काकूंनी सांगून टाकलं, "पंप बदला, नाहीतर गाडी विका."

म्हणून मी या पंपाच्या मागे लागलो.

1908 साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीला पंपच नव्हता. टाकी सीटखाली, पेट्रोल आपलं आपण खाली उतरायचं. चढ फार असला की टाकी इंजिनापेक्षा खाली जायची, मग लोक गाडी रिव्हर्समध्ये वर चढवायचे. खरंच!

पुढे आला मेकॅनिकल पंप. कॅमशाफ्ट त्याची दांडी हलवतो, आतला लवचीक पडदा खालीवर होतो, पेट्रोल टाकीतून ओढलं जातं. वायर नाही, फ्यूज नाही. इंजिन थांबलं की पंपही थांबला. आपली प्रीमियर पद्मिनी याच पंपावर चालायची.

मला वाटायचं, इलेक्ट्रिक म्हणजे नवा. पण 1948 च्या मॉरिस मायनरमध्येही इलेक्ट्रिक पंप होता, चावी फिरवली की टकटक वाजायचा. खरा प्रश्न पंप बसलाय कुठे, हा आहे. मेकॅनिकल पंप तापलेल्या इंजिनाला चिकटलेला, आणि तो लांबून ओढतो. ओढताना पाइपातला दाब कमी होतो, पेट्रोल लवकर उकळतं, वाफ होते. वाफ काही पंपाला ढकलता येत नाही. टाकीजवळचा पंप मात्र मागून ढकलतो. दाब वाढला की पेट्रोल सहज उकळत नाही.

मग मी भंगारातून नव्या गाडीचा पंप आणायला निघालो. फिटरने अडवलं, "कार्बोरेटर जाळायचाय का?" इंजेक्शनच्या गाडीला चाळीसच्या वर पीएसआय लागतात, कार्बोरेटरला तीन-चार पुरे. जास्त दाब दिला तर आतली सुई पेट्रोल अडवू शकत नाही, ते ओसंडून गरम इंजिनावर सांडतं. आपल्याकडे 2000 च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला आणि त्याच्याबरोबर हा पंपही.

शेवटी कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ बसवला. सोबत एक रिले, इंजिन बंद पडलं की पंपाचा करंट तोडणारा. अपघातात पंप चालूच राहिला तर? यावर मी हटून बसलो होतो.

काकूंनी गाडी ठेवू दिली. फडकं अजून डिकीत आहे, काका काढू देत नाहीत.