माहूर

माहूर (मातापूर) : नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, प्राचीन तीर्थक्षेत्र आणि गिरिदुर्ग. साडेतीन शक्तिपीठांपैकी रेणुकादेवीचे पीठ येथे आहे. कोल्हापूर, तुळजापूर आणि वणी ही त्यातील अन्य स्थाने. दत्तसंप्रदाय आणि महानुभाव पंथ हे दोन्ही माहूरला आपले मानतात. लेणी, किल्ला, मंदिरे, मठ आणि दर्गा एकाच गावाच्या आसपास असल्याने मराठवाडा आणि विदर्भातील शाळा-महाविद्यालयांच्या सहली येथे मोठ्या संख्येने येतात. मराठी मुलखाचा बारा-तेरा शतकांचा इतिहास एका दिवसात पायी फिरून समजून घ्यावा, अशी ठिकाणे आपल्याकडे थोडी आहेत. माहूर त्यांपैकी एक आहे.

स्थान व परिसर : माहूर नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सागवानी जंगलाच्या डोंगराळ भागात वसले आहे. पैनगंगा नदी या डोंगरांना वळसा घालून जाते. तिच्यावरचा धनोड्याचा पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा, म्हणजेच विदर्भ सुरू होतो. किनवट-माहूरच्या या पट्ट्यात गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा समाजाची वस्ती आहे. कोरडवाहू शिवाराचा मराठवाडा पाहत आलेल्या लातूर-नांदेडकडच्या मुलांना हे दाट रान आणि चढणीचे रस्ते नवे वाटतात. आपला विभाग असाही आहे, हे त्यांना येथे पहिल्यांदा कळते.

इतिहास : माहूर हे राज्यांच्या सीमेवरचे नाके होते. वऱ्हाड, तेलंगण आणि गोदावरीचे खोरे यांच्या मधल्या वाटेवर हा किल्ला असल्याने ज्याला दख्खन हवी, त्याला माहूरही हवे असे. देवगिरीच्या यादवांनंतर हा प्रदेश गोंड राजांकडे होता. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनी सुलतान अहमदशहाने तो जिंकला. पुढे वजीर महमूद गवान याने राज्याच्या चार तरफांच्या (प्रांतांच्या) आठ केल्या, तेव्हा वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग पडले. माहूरची तरफ खुदावंदखान हबशी याच्याकडे आली. त्यानंतर इमादशाही, निजामशाही आणि मोगल अशी सत्ता बदलत गेली. अकबराच्या काळातील ‘आईन-इ-अकबरी’त माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदले आहे.

बापाविरुद्ध बंड करून निघालेला शहाजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, १६२३ मध्ये गोवळकोंड्याकडे जाताना याच वाटेने गेला. आपले हत्ती आणि जड सामान त्याने माहूरच्या किल्ल्यात उदाराम या सरदाराच्या हवाली केले. याच उदारामाची सून सावित्रीबाई ‘रायबाघन’ या किताबाने इतिहासात ओळखली जाते. पतीच्या मागे तिने माहूरची देशमुखी आणि फौज सांभाळली. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची सेना कोंडली, त्या वेळी ती खानाबरोबर होती. शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्ला तिनेच खानाला दिला. उंबरखिंडीची लढाई मुलांना पाठ असते. त्या रणात मोगलांच्या बाजूने उभी असलेली करारी बाई माहूरची होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

पुढे हैदराबादच्या निजामाच्या राजवटीच्या अखेरीस माहूर आदिलाबाद जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबादमधून किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ मुंबई राज्याला जोडले गेले, आणि माहूरही त्या राज्यात आले.

धर्मस्थळे : डोंगरांवर रेणुका, दत्त आणि अनसूया अशी तीन शिखरे आहेत. पिता जमदग्नींवर अंत्यसंस्कार करण्यासाठी परशुराम आई-वडिलांची कावड घेऊन येथे आला, अशी कथा आहे. पुढे आई रेणुकेच्या दर्शनाची ओढ लागून त्याने वेळेआधीच मागे वळून पाहिले. त्यामुळे देवीचे फक्त मुख भूमीबाहेर आले, असे भाविक मानतात. गाभाऱ्यात पूर्ण मूर्ती नाही, शेंदूरचर्चित भव्य मुखवटा आहे, तो यामुळेच. देवीचा प्रसाद तांबुलाचा. पायऱ्यांलगतच्या दुकानांत नागवेलीची पाने, सुपारी, कात आणि बडीशेप खलबत्त्यात कुटण्याचा ठणठणाट सतत कानी पडतो. कुटलेला तो लालसर, ओलसर विडा पानावर ठेवून हातात देतात. घरी परतल्यावर मुलांना राजवंशांची नावे आठवोत न आठवोत, हा वास आणि हा आवाज आठवतो.

काशीला स्नान, कोल्हापुरी भिक्षा आणि माहूरला निद्रा, असा दत्तात्रेयांचा दिनक्रम श्रद्धेने सांगितला जातो. गावातील देवदेवेश्वर मंदिर हे दत्तात्रेयांचे निद्रास्थान असल्याचे महानुभाव पंथ मानतो. फलटणचे चक्रपाणी प्रभू येथे आले असता दत्तात्रेयांनी वाघाच्या रूपात त्यांच्या मस्तकी पंजा ठेवला, अशी पंथाची कथा आहे. महानुभाव ज्याला सह्याद्री म्हणतात तो हा डोंगर. चौदाव्या शतकातील रवळोबासांचे ‘सह्याद्रिवर्णन’ त्याच्याशी निगडित आहे. ते पंथाच्या ‘साती ग्रंथां’पैकी, म्हणजे सात काव्यग्रंथांपैकी, एक गणले जाते. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी येथे तप केले, अशी परंपरा आहे. रेणुकेची पदे रचणारे विष्णुदास येथेच राहिले. सोनापीर दर्गा आणि जवळच्या वझरा येथील शेख फरीद यांचे स्थान व धबधबा येथेही सर्व समाजांचे लोक जातात. आश्विनातील नवरात्र, मार्गशीर्षातील दत्तजयंती आणि श्रावणी पौर्णिमेची परिक्रमा हे वर्षातील मोठे सोहळे.

किल्ला, लेणी व संग्रहालय : रामगड या नावानेही ओळखला जाणारा माहूरचा किल्ला लगतच्या दोन टेकड्यांवर पसरला आहे. लांबवर धावणारी तटबंदी, बुरूज आणि हत्ती दरवाजा हे त्यातील पाहण्याजोगे अवशेष आहेत. तटावरून समोर रेणुका शिखर दिसते. गावालगतची पांडव लेणी राष्ट्रकूट काळातील मानली जातात. अखंड बसाल्टात कोरलेल्या मंडपातील जाड खांब आणि द्वारपाल जवळून पाहावेत. काही ठिकाणी छिन्नीचे तिरके घाव अजून हाताला लागतात. राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या वस्तुसंग्रहालयात परिसरातील शिल्पे ठेवलेली आहेत.

शैक्षणिक सहली : दिवाळीनंतर थंडी पडली की सहलींचा हंगाम सुरू होतो. शाळा एसटीची गाडी प्रासंगिक करारावर, सवलतीच्या दरात घेतात. धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून गाड्या पहाटे निघतात. बहुतेक गाड्या थेट रेणुका शिखरावर जातात, दर्शन घेतात आणि वेळ उरला तर खाली थांबतात. हा क्रम उलटा करावा. सकाळच्या उजेडात आधी लेणी, मग संग्रहालय, उन्हे चढण्यापूर्वी किल्ला आणि दुपारनंतर शिखरे, असे फिरल्यास काळाचे थर ज्या ओळीने रचले गेले, साधारण त्याच ओळीने ते डोळ्यांपुढे येतात. खडक कोरणारा कारागीर, तटावरचा पहारेकरी, पोथी लिहिणारा महानुभाव आणि विडा कुटणारा दुकानदार ही सगळी एकाच गावची माणसे आहेत, हे मग वेगळे शिकवावे लागत नाही. तटाच्या दगडांवर नावे कोरू नयेत, हेही तेव्हा मुलांना आपोआप पटते.

वाट : माहूरला नांदेड, किनवट, पुसद आणि यवतमाळहून एसटी येते. किनवट हे मुदखेड-आदिलाबाद मार्गावरील रेल्वेस्थानक सोयीचे आहे. गावातून शिखरांवर जाण्यास वाहने मिळतात. किनवटकडे उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे आणि पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा आहे. मात्र माहूरबरोबर हेही एका दिवसात उरकण्याची घाई करू नये. परतीची वाट विदर्भाकडची असेल, तर धनोड्याच्या पुलावर पाच मिनिटे गाडी थांबवावी. पाण्याच्या एका काठावर मराठवाडा आणि दुसऱ्यावर विदर्भ. माहूरसाठी इतकी राज्ये का झगडली, ते तेथे नकाशाशिवाय कळते.