एका हॉटेलाची बिऱ्हाडें

न्यूयॉर्क शहरांतील टाइम्स स्क्वेअर हॉटेल १९२२ सालीं बांधलें गेलें. पण कालांतरानें तेथील एकेका खोलींत एकटीं, अल्प मिळकतीचीं माणसें कायमचीं राहूं लागलीं. असल्या एकखोली बिऱ्हाडांच्या नव्या इमारती बांधण्यास शहरानें १९५५ सालीं बंदी केली. पुढें तर जुन्या खोल्या मोडून श्रीमंतांसाठीं घरें करणारांस करांत सूटहि दिली! मग रस्त्यावर निजणारे वाढले, यांत नवल तें काय?

हें हॉटेलहि मोडकळीस येऊन त्याचें दिवाळें निघालें. तेव्हां रोझॅन हॅगर्टी या तरुण बाईंनीं ‘कॉमन ग्राउंड’ नांवाची संस्था काढून १९९१ सालीं तें ताब्यांत घेतलें. पैसा कोठून आला, हें ऐकण्याजोगें आहे. ऐतिहासिक वास्तूची डागडुजी आणि गरिबांसाठीं घरें, या दोन्ही कामांत भांडवल घालणारांस अमेरिकेंत प्राप्तिकरांत सवलत मिळते. बाईंनीं एकाच इमारतीवर दोन्ही सवलती मिळविल्या. जुन्या भाडेकरूंस न घालवितां ६५२ बिऱ्हाडें सिद्ध झालीं. तुटपुंज्या वेतनावरचे नोकरदार आणि काल रस्त्यावर निजणारे तेथें शेजारी झाले. मदतीचीं कार्यालयें त्याच इमारतींत थाटलीं. आणि श्रोतेहो, प्रवेशाचें दालन मात्र पूर्वींच्याच थाटानें सजविलें. तें आतां भाडेकरूंचें होतें.