बहिरी आणि शाहीन : ससाण्यांच्या स्थलांतराची शब्दसाक्ष

गिरिशिखरावर बसून स्थलांतर करणाऱ्या ससाण्यांची मोजदाद करण्याची पद्धती अर्वाचीन आहे. डोंगराच्या धारेवर आपटलेला वारा वर चढतो व त्याच्या आधाराने पक्षी पंख न हलविता दूरवर जातात. म्हणून एकाच माथ्यावरून सहस्रावधी पक्षी दृष्टीस पडतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात १९२९ पासून प्रत्येक मारलेल्या गॉसहॉकमागे पाच डॉलरांचे इनाम होते. तेथील ज्या डोंगरावर बंदूकवाल्यांची गर्दी होई, तोच १९३४ मध्ये रोझली एज यांनी संरक्षणासाठी ताब्यात घेतला आणि मॉरिस ब्राऊन यांनी तेथे गणनेस आरंभ केला. तेथे मुख्य गणना शरदातली. वसंतात परतणारे पक्षी विखरून जात असल्याने ती हाती कमी लागते. भारतात यान विलेम डेन बेस्टेन यांनी धर्मशाळेजवळ २००१ चा शरद व २००२ चा वसंत असे दोन हंगाम स्टेप गरुड व इतर शिकारी पक्ष्यांचे निरीक्षण केले.

कंधारच्या इतिहासात अशा गणनेची अपेक्षा धरणे युक्त नव्हे. मन्याडकाठचा भुईकोट किल्ला आणि राष्ट्रकूटांचे स्मरण देणारा जगत्तुंग सागर ही त्याची ओळख. उंच शिखर येथे नाही. १९३१ च्या सुमारास सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. कंधार त्या संस्थानातलेच. परंतु त्या पाहणीचा भर नमुने व जातींची यादी यांवर होता. तेव्हा या मुलखात ससाण्यांच्या येण्याजाण्याची जुनी नोंद पाहू जाता ती कागदापेक्षा शब्दांत अधिक सापडते.

या शब्दांचे थर कंधारच्या राजवटींच्या थरांशी जुळतात, हे लक्षणीय आहे. राष्ट्रकूटांनंतर ९७३ मध्ये चालुक्यांचे वर्चस्व आले. त्यांच्यातील सोमेश्वर तिसरा याने ११२९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये श्येनविनोदास स्वतंत्र स्थान आहे. मराठीतील ‘ससाणा’ हा शब्द अमरकोशात श्येनाचा पर्याय म्हणून येणाऱ्या ‘शशादन’, म्हणजे ससा खाणारा, याचाच वंशज मानणे सयुक्तिक ठरते. हे नाव भक्ष्यावरून पडले आहे. पक्षी कोठून आला हे त्यात नाही. पुढे बहमनी व निजामशाही राजवटी झाल्या आणि १६३१ मध्ये मोगलांनी कंधार घेतले. या काळात शिकारखान्याची भाषा फारसी झाली व बाज, शिक्रा, शाहीन, बहिरी ही नावे रूढ झाली.

त्यांतील ‘बहिरी’ हे नाव विशेष विचारार्ह आहे. अरबी ‘बह्र’ म्हणजे समुद्र. बहिरी म्हणजे समुद्राकडचा. हा पक्षी हिवाळ्यात येतो आणि वसंतात उत्तरेकडे परततो. शाहीन मात्र येथील कड्यांवर घरटे करून बारा महिने राहतो. जर्डन यांच्या १८६२ च्या ग्रंथातही भारतीय शिकाऱ्यांची ही दोन्ही नावे वेगळी नोंदलेली आहेत. आज विज्ञान या दोहोंना एकाच जातीच्या दोन उपजाती मानते. म्हणजे ज्यांनी कधी शिखरावर बसून मोजणी केली नाही, त्यांनी पाहुणा आणि रहिवासी हा भेद मात्र अचूक केला होता. याचे कारण उघड आहे : पक्षी पकडून मुठीवर घ्यावयाचा तर तो केव्हा मिळतो हे ठाऊक असणे भाग होते.

युरोपीय शास्त्रज्ञांची येथे मौज झाली. सुंडेवाल यांनी १८३७ मध्ये शाहीनचे वर्णन केले ते निकोबारनजीकच्या समुद्रात जहाजावर पकडलेल्या एका कोवळ्या पक्ष्यावरून, आणि नाव दिले ‘पेरेग्रिनेटर’, म्हणजे प्रवासी! घरी राहणाऱ्यास प्रवाशाची पदवी मिळाली. एक नमुना व एक स्थळ यांवरून ठरविलेल्या नावापेक्षा पिढ्यान्‌पिढ्यांच्या हंगामी अनुभवातून सिद्ध झालेले नाव अधिक विश्वसनीय ठरावे, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल.

तथापि मराठीत हा अर्थ टिकला नाही. फारसीचा व्यवहार ओसरला, आणि ‘बहिरी’ हे रूप कानाने अधू असलेल्या स्त्रीवाचक विशेषणाशी एकरूप झाले. ‘बहिरी ससाणा’ असे जोडनाम घडले ते बहुधा त्या गोंधळातून वाट काढण्यासाठीच. पण त्याने समुद्र परत आणला नाही. आजच्या सामान्य बोलण्यात दोन्ही पक्षी ‘ससाणा’ या एकाच शब्दाखाली येतात. गणनापत्रकाच्या दृष्टीने ही मोठी हानी होय, कारण दोन रकाने एक झाले की पाहुण्यांचे घटणे रहिवाशांच्या संख्येत लपते. शिखरावरील निरीक्षकास पक्षी बहुधा खालून, प्रकाशाविरुद्ध दिसतो. शाहीनची गडद पाठ व पोटाकडचा तांबूस रंग ही खूण अशा वेळी निरुपयोगी ठरते. मग हंगामच उपयोगी पडतो, आणि हंगामाचे ज्ञान हेच जुन्या शिकाऱ्यांचे मुख्य भांडवल होते. वैशाखात सह्याद्रीच्या एखाद्या कड्यावर जोडीने राहणारा ससाणा दिसला, तर त्याची नोंद शाहीनच्या रकान्यात पडावी. बहिरी एव्हाना उत्तरेच्या वाटेवर गेलेला असतो.